साम्राज्यं गेली, सातबारा राहिला

घोडबंदरकर | रविवार, सकाळी ९.१०

वडिलांना जाऊन वर्ष झालं. घोडबंदर रोडच्या आतल्या अंगाला आमची थोडी भातजमीन आहे. तिच्यावर वारसनोंद व्हावी म्हणून गेले चार महिने कचेरीच्या फेऱ्या मारतोय. परवा बाकावर दोन तास बसून होतो, हातात अर्जाची प्रत. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं म्हणून तीच पुन्हा पुन्हा वाचत होतो.

अर्ज. नक्कल. वारस. मयत. हिस्सा. महसूल. तहसील, तालुका, जिल्हा. हे सगळे शब्द अरबी-फारसीतून आले, बहामनी आणि निजामशाही-मोगलाईच्या कारभारातून. 'तहसील' म्हणजे मुळात वसुली. आत लिपिक ज्या दप्तरात डोकं घालून बसले होते, ते 'दप्तर'ही फारसी, आणि फारसीत तो शब्द ग्रीक 'डिफ्थेरा'वरून आलेला. त्याचा अर्थ कातडं, कारण एकेकाळी लिहायचे ते कातड्यावर. माझी लेक रोज सकाळी पाठीला अडकवून जाते ते हेच दप्तर.

मग क्षेत्राच्या रकान्याकडे लक्ष गेलं. ०.१४.२०, म्हणजे हेक्टर-आर. हे माप फ्रेंच राज्यक्रांतीतलं, १७९५ च्या कायद्यातलं. पुढे नेपोलियनच्या फौजांच्या मागोमाग ते युरोपभर गेलं आणि आपल्याकडे १९५६ च्या वजनमापांच्या कायद्याने आलं. माझे काका मात्र आजही 'आपले चौदा गुंठे' असंच म्हणतात. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, कारण इंग्रजी मोजणीची साखळी ६६ फुटांची आणि ३३ हे तिचं निम्मं. ४० गुंठ्यांचा एकर. म्हणजे आमच्या त्या चिखलाच्या तुकड्यावर एकाच वेळी लंडन आणि पॅरिस दोघांची मापं पडलेली आहेत.

साम्राज्य म्हटलं की आपण किल्ले, लढाया आणि सनावळ्या आठवतो. मला आता असं वाटायला लागलंय की ती खरी उरतात मोजण्याच्या आणि नोंदवण्याच्या पद्धतीत. नवा राजा आला तरी वसुली लगेच लागते. नवी मोजणी करायला वेळ आणि पैसा हवा, म्हणून तो जुन्याचीच वही पुढे चालू ठेवतो, फार तर वर आपला शिक्का मारतो.

आपल्या ठाण्याच्याच किल्ल्याचं बघा. पोर्तुगिजांनी १७३० मध्ये बांधायला घेतला, १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतला, १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी. इंग्रजांनी १७८७ च्या सुमारास तिथे पाया खणला तेव्हा ताम्रपट सापडला, शिलाहार राजा अरिकेसरीचा, शके ९३९ म्हणजे इसवी सन १०१७ चा. त्यावर काय होतं? जमिनीचं दानपत्र. पोर्तुगिजांच्या किल्ल्यात इंग्रजांनी खणलं आणि शिलाहारांचा सातबारा हाती आला. त्या किल्ल्यात आज मध्यवर्ती कारागृह आहे, आणि त्याला आपण ज्या शब्दाने ओळखतो तो 'तुरुंग' पोर्तुगीज 'त्रोंको'वरून आलाय. इमारत त्यांची, शब्दही त्यांचाच.

तुमच्या रोजच्या जगण्यात असं काय दिसतं? वाचायला आवडेल.

---

तुळशीवृंदावन | रविवार, सकाळी १०.०२

आज एकादशी नाही, तरी लिहिते. साबुदाण्याची खिचडी घ्या. साबुदाणा आपल्याकडे कसाव्याच्या कंदापासून करतात, तो मध्य-दक्षिण अमेरिकेकडचा. बटाटा तिथला, शेंगदाणे तिथले, हिरवी मिरची तिथली. जोडीला रताळ्याचा कीस केलात तर रताळंही तिथलंच. स्पेन-पोर्तुगालची जहाजं पाण्यात नसती तर आपल्या उपासाच्या ताटात वरी, दूध आणि केळं राहिलं असतं. माझ्या सासूबाई गव्हाला शिवत नसत, पण अटलांटिक ओलांडून आलेलं सगळं त्यांना चालायचं. देवाला काय चालतं हे कुणी, कधी ठरवलं असेल, याचा मी पुष्कळदा विचार करते.

स्वयंपाकघरातले पोर्तुगीज शब्द: पाव, परात, पिंप, कोबी, काजू, अननस. बाहेरचे: चावी, साबण, बादली, घमेलं, इस्त्री, पगार, लिलाव. आणि हापूस, 'अफोन्सो'चा.

---

मोडीवाचक | रविवार, दुपारी १२.३५

धागा आवडला. 'वही तीच, शिक्का नवा' याला अक्षरशः पुरावा आहे. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभीला चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, १३ हजारांहून जास्त. नाणी क्षत्रप नहपानाची. त्यातल्या ९ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला आहे. नहपानाचा चेहरा खालून दिसतो. चांदी वितळवलीसुद्धा नाही.

'क्षत्रप' हा शब्दही पाहा. वर्तमानपत्रात आज 'प्रादेशिक क्षत्रप' लिहितात. तो इराणच्या हखामनी साम्राज्याचा शब्द, प्रांताचा सुभेदार या अर्थाचा. दारियसच्या राज्यकारभारातून निघून, शकांच्या बरोबर तो नाशिक-जुन्नरपर्यंत पोचला. 'लिपी'सुद्धा जुन्या फारसीतल्या 'दिपी'शी जोडतात. अशोकाच्या वायव्येकडच्या शिलालेखांत 'दिपी' असंच आहे. त्याच अशोकाच्या आज्ञांचे तुकडे आपल्या सोपाऱ्याला मिळाले, पहिला १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींना. पाटलीपुत्राच्या राजाने दगडावर कोरून फर्मान काढायचं आणि ते खाडीकाठच्या बंदरात लावायचं, ही रीतच मुळात इराणी सम्राटांच्या रीतीसारखी.

पाडव्याच्या स्वागतयात्रेत आपण 'शालिवाहन शके' म्हणतो, तोही इसवी सन ७८ पासून मोजला जातो आणि पश्चिमेकडच्या क्षत्रपांच्या लेखांतून रुळलेला आहे. ज्यांना सातवाहनांनी हरवलं त्यांचीच कालगणना आपण सातवाहनांच्या नावाने घट्ट धरून बसलोय.

---

नवखा विद्यार्थी | रविवार, दुपारी १.२०

सगळं छान, पण जगाबद्दल बोलायचं तर रोमचं नाव यायला हवं ना? इंग्रजी व्हिडिओंमध्ये तर सगळं रोमपासूनच सुरू होतं. आपल्याशी रोमचा काही संबंध होता का, की फक्त जुलै-ऑगस्टपुरता?

---

मोडीवाचक | रविवार, दुपारी २.०५

@नवखा विद्यार्थी, जुलै ज्युलियस सीझरचा, ऑगस्ट ऑगस्टसचा, हे बरोबर. सीझरचं पंचांग पोप तेराव्या ग्रेगरीने १५८२ मध्ये दुरुस्त केलं. इंग्लंडने ते १७५२ मध्ये स्वीकारलं आणि ११ दिवस गाळले. आपल्या भिंतीवर आज जे लटकतं ते हेच.

पण संबंध त्याहून जवळचा आहे, अगदी लोकलने जाता येईल इतका. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याच्या टिपणात 'कल्लिएना' येतं, ते आपलं कल्याण. तो लिहितो की पूर्वी इथे रीतसर बाजार होता, पण आता अडवणूक आहे, इकडे वळलेलं ग्रीक जहाज पहाऱ्यात भडोचला नेलं जातं. भडोच तेव्हा नहपानाकडे. म्हणजे क्षत्रप-सातवाहनांच्या भांडणात उल्हास नदीवरचं बंदर बंद पडलं. रोमची मागणी, इराणी पदवीचा राजा आणि फटका कल्याणच्या व्यापाऱ्याला. हेच व्यापारी कान्हेरीच्या लेण्यांत दान देताना आपलं गाव 'कल्याण' म्हणून कोरून गेले आहेत.

कल्याणहून माल जुन्नरला चढायचा नाणेघाटाने. तिथल्या नागनिकेच्या लेखात दान-दक्षिणेच्या रकमा आकड्यांत कोरल्या आहेत. भारतातल्या सर्वांत जुन्या अंकांपैकी ते आहेत. पुढे अशा अंकांतून शून्यासकट दशमान पद्धत घडली, ती बगदादच्या अब्बासी खलिफांच्या काळात अरबांनी उचलली आणि युरोपात ती 'अरबी अंक' म्हणून गेली. घाटातला जकातीचा रांजण दाखवतात तो पाहायला लोक जातात. मी म्हणेन गुहेत आधी जा, तिथल्या भिंतीपुढे उभे राहा.

---

खाडीकाठ | रविवार, रात्री ११.४०

दिवसभर वाचतोय. शब्द कुठून आले, बटाटा कुठून आला, चांगलं आहे. पण माझ्यासाठी साम्राज्य म्हणजे एक कायदा आहे आणि त्याचं साल आहे १८९४.

मी आगरी, नवी मुंबईतला. आमचं गाव आता एका सेक्टरच्या पोटात आहे. १९७० मध्ये नवी मुंबई वसवायला सिडको हे सरकारी महामंडळ आलं, ठाणे-पनवेल-उरण पट्ट्यातली ९५ गावं. ज्या कायद्याने आमची शेतं आणि मिठागरं गेली तो भूसंपादनाचा कायदा इंग्रजांनी १८९४ मध्ये केलेला. 'सार्वजनिक प्रयोजन' एवढे दोन शब्द लिहिले की झालं. मालकाने हरकत घ्यायची, पण निर्णय सरकारचा. भाव सरकार ठरवणार. इंग्रज १९४७ मध्ये गेले आणि तोच कायदा २०१३ च्या अखेरपर्यंत चालू होता. नवा कायदा १ जानेवारी २०१४ पासून. मधली ६६ वर्षं कोणती म्हणायची?

जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लोक रस्त्यावर उतरले. जासई-नवघर भागात गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. माझे वडील त्या गर्दीत होते, ते आयुष्यभर त्याबद्दल दोन वाक्यांपेक्षा जास्त बोलले नाहीत. साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायचं धोरण त्या रक्तातून आलं. आज विमानतळाला दिबांचं नाव देण्याची गोष्ट निघाली की बाहेरच्यांना तो नावाचा वाद वाटतो.

घोडबंदरकर, तुमचं म्हणणं मला पटतं की वही राहते. पण वहीत नाव कुणाचं खोडलं जातं तेही लिहा.

---

घोडबंदरकर | सोमवार, सकाळी ७.१५

खाडीकाठ, रात्री वाचलं, लगेच उत्तर देववलं नाही.

तुमचं बरोबर आहे. मी बाकावर बसून शब्दांची मौज बघत होतो, कारण माझी जमीन अजून माझ्या नावावर येणार आहे. ज्याची गेली त्याला 'महसूल' शब्दाची व्युत्पत्ती काय करायची? मूळ पोस्टमध्ये हे यायला हवं होतं.

एक मात्र त्याला जोडून सांगतो. १८९४ चा कायदा चालला तो आधीच्या मोजणीच्या जोरावर. प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्याची १८२० च्या दशकातली मोजणी फसली. मग १८३५-३६ पासून इंदापुरातून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नव्याने सुरुवात केली आणि प्रत्येक शेताला नंबर दिला. आधी शेताला नाव होतं. खारीचा तुकडा, देवाचा माळ, अमक्याची खाचरं. नाव असलेली जागा घ्यायला गावात जाऊन बोलावं लागतं. नंबर असलेली जागा मुंबईत बसून राजपत्रात छापता येते.

---

खाडीकाठ | सोमवार, सकाळी ८.०२

हे शेवटचं वाक्य वडिलांना वाचून दाखवायला हवं होतं.

---

रेल्वेवेडा | सोमवार, दुपारी ३.३०

ठाण्याचा धागा आणि रेल्वे नाही असं कसं चालेल. १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, ३४ किलोमीटर, १४ डबे, ४०० पाहुणे, साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं. हे आपल्या सगळ्यांना पाठ आहे. स्टेशनवर रोज जाताना मलाही अभिमान वाटतो.

पण 'इंग्रजांनी रेल्वे दिली' म्हणणाऱ्यांना मी नेहमी हिशेब विचारतो. कंपनीच्या भागधारकांना भांडवलावर ५ टक्के परताव्याची हमी होती, तोटा झाला तरी. ती हमी भरायची हिंदुस्थानच्या महसुलातून, म्हणजे वर ज्या मोजणीबद्दल लिहिलंय त्या शेतसाऱ्यातून. इंदापूरच्या कुणब्याने लंडनच्या भागधारकाचं व्याज भरलं. रूळ कुठे गेले तेही पाहा: भोर आणि थळ घाट फोडून कापसाच्या मुलखाकडे. त्या घाटांत हजारो मजूर दगावले, त्यांची नावं कुठल्याच पाटीवर नाहीत.

रुळांची रुंदी साडेपाच फूट, तीही डलहौसीच्या काळात ठरली. तीच आज आपल्या लोकलची. आणि वेळ! भारतीय प्रमाणवेळ १९०६ ची, पण मुंबई आपली 'बॉम्बे टाइम' १९५५ पर्यंत धरून होती, ३९ मिनिटं मागे. माझे आजोबा स्टेशनची वेळ आणि शहराची वेळ असं वेगवेगळं सांगायचे.

---

मसुंदा | सोमवार, सायंकाळी ६.५०

मी ठाण्याची, ईस्ट इंडियन. तलावाजवळचं सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्च आमचं. माझी भाषा मराठी, आजी लुगडं नेसायची, लग्नात आमची मराठी गाणी. तरी शाळेत मला 'तुम्ही पोर्तुगीज का?' असं विचारायचे.

१५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसईचा मुलूख पोर्तुगिजांना लिहून दिला, त्यात साष्टी बेट आणि ठाणंही गेलं. आमचे पूर्वज इथलेच कोळी, कुणबी, भंडारी. काहींनी धर्म मनाने घेतला असेल, काहींवर लादला गेला असेल. घराघरातली गोष्ट वेगळी. १६६१ मध्ये कॅथरीन ऑफ ब्रॅगँझाच्या लग्नात मुंबई इंग्लंडच्या राजाला आंदण गेली, पण साष्टी नाही गेली. म्हणून शेजारशेजारच्या बेटांवर पुढे शंभरावर वर्षं वेगळी राज्यं. १७३७-३९ मध्ये चिमाजी आप्पांची मोहीम झाली, मग इंग्रज आले. गोवा-मंगळूरकडचे ख्रिस्ती नोकऱ्यांसाठी इकडे येऊ लागले, तेव्हा आपलं वेगळेपण सांगायला आमच्या लोकांनी १८८७ मध्ये, राणी व्हिक्टोरियाच्या जुबिलीच्या वर्षी, 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतलं.

धर्म एका साम्राज्याचा, नाव दुसऱ्याचं आणि भाषा मातीची. मला यात काही तुटलेलं वाटत नाही. पण 'तुम्ही मूळच्या कुठल्या?' हा प्रश्न आता नको वाटतो. मी मूळची मसुंद्याची.

---

कोपरी पूर्व | सोमवार, रात्री ९.१५

मसुंदाताई, तुमचं वाचून लिहावंसं वाटलं. आम्ही सिंधी, माझा जन्म ठाण्याचा, शिक्षण मराठीतून. साम्राज्य येताना जग बदलतं, तसं जातानाही बदलतं. फाळणीची रॅडक्लिफ रेषा १७ ऑगस्ट १९४७ ला जाहीर झाली, म्हणजे स्वातंत्र्यानंतर दोन दिवसांनी. सिंध तर दुभंगलाही नाही, तो अख्खाच पलीकडे गेला. आजोबांकडे मागे वळून पाहायला अर्धं गावसुद्धा उरलं नाही.

कल्याणजवळ दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी छावणी बांधली होती, तिथल्या बराकींत निर्वासितांना ठेवलं. १९४९ मध्ये त्याचं उल्हासनगर झालं. आमचं कुटुंब काही वर्षांनी कोपरीला आलं. आजोबांकडे शिकारपूरच्या घराचा फारसी-सिंधी कागद होता. तो कुठल्याच कचेरीत चालणार नव्हता, तरी त्यांनी तो जपला. आज माझ्याकडे आहे.

---

नवखा विद्यार्थी | मंगळवार, सकाळी ११.००

एक विचारू? सगळे परक्या साम्राज्यांबद्दल बोलतायत. मराठेशाही पण साम्राज्यच होती ना?

---

मोडीवाचक | मंगळवार, दुपारी १.४५

होती, आणि प्रश्न विचारलात ते चांगलं केलंत.

शिवाजी महाराजांनी कारभारातले फारसी शब्द बदलण्यासाठी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, हजाराहून जास्त शब्दांना संस्कृत पर्याय दिले. ही जाणीव त्या काळात विलक्षण होती. पण पेशवे दप्तर उघडा, तारखा शुहूर सनात, आकडे अरबी शब्दांत: इसन्ने, सलास, अर्बा. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन मिळतो. आणि गंमत म्हणजे हे अरबी वर्ष सुरू कधी होतं? मृग लागला की. म्हणून त्याला मृगसाल म्हणत. पेरणीचं वर्ष आणि वसुलीचं वर्ष एकच असावं, ही गरज राजाच्या धर्मापेक्षा मोठी ठरली.

दख्खनच्या जमीनधाऱ्याची घडी बसवणाऱ्यांत मलिक अंबरचं नाव घ्यावं लागतं. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला, निजामशाहीचा वजीर झालेला.

आणि दुसरी बाजू. १७४१ ते १७५१ या काळात नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर चालून गेल्या. तिथे आजही अंगाईत 'बर्गी' येतात, मुलाला झोपवण्यासाठी. बर्गी म्हणजे आपले बारगीर. अटकेपार झेंड्याचा अभिमान मला आहे. पण कटकच्या किंवा बर्दवानच्या शेतकऱ्याने आपल्याला कसं लक्षात ठेवलं तेही मला माहीत असायला हवं. उलट तंजावरला गेलात तर बृहदीश्वराच्या भिंतीवर मराठीतला लांबलचक शिलालेख आहे, सरफोजी राजांचा, १८०३ चा. डोळे भरून येतात वाचताना. हे दोन्ही आपलंच.

---

तुळशीवृंदावन | मंगळवार, दुपारी ४.१०

अंगाईचं वाचून हात थांबले. आपण बागुलबुवा म्हणतो, ते बारगीर म्हणतात.

---

घोडबंदरकर | शनिवार, रात्री १०.२०

धागा मागे पडलाय, तरी कळवतो. नोटिशीची मुदत संपली, हरकत आली नाही, फेरफार मंजूर झाला. आईचं, बहिणीचं आणि माझं नाव लागलं.

माळ्यावर वडिलांच्या ट्रंकेत एक मोडी कागद निघाला. मोडीवाचक, फोटो टाकलाय. वरच्या कोपऱ्यात 'फसली' एवढंच लावता आलं.

---

मोडीवाचक | रविवार, सकाळी ८.४०

फोटो जरा तिरका आहे, पण लागतंय. फसली हे महसुली साल, १२६५ म्हणजे १८५५-५६. नव्या मोजणीच्या आधीची नोंद दिसते, कारण क्षेत्र बिघ्यांत आहे आणि सारा भाताच्या मुड्यांत. नंबर नाही. शेताचं नाव आहे: 'वावळीचें खाचर'. खालची सही अस्पष्ट आहे, तिथे शाई पसरलीय. दिवसाउजेडी पुन्हा एक फोटो काढा, फ्लॅश न लावता.

---

घोडबंदरकर | रविवार, सकाळी ९.०५

काकांना फोन केला. वावळीचं झाड त्यांच्या लहानपणी होतं म्हणाले, बांधाच्या उत्तर टोकाला. आज दुपारी दोघं जाऊन बघतो. खाडीकाठ, यायचं असेल तर तीन वाजता गायमुखला उभे राहतो.

---

खाडीकाठ | रविवार, सकाळी ९.१२

येतो.